हुशार विद्यार्थ्यांनी अर्ज कुठे करावेत? इंदूरच्या मराठी घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

शाळेत पहिल्यापासून वरच्या क्रमांकात राहिलेल्या मुलामुलींना 'तुला काय, कुठेही प्रवेश मिळेल' हे वाक्य घरीदारी सतत ऐकायला मिळते. याच वाक्यामुळे अशा विद्यार्थ्यांची अर्जांची यादी सर्वांत कच्ची राहते. बेताच्या गुणांचा विद्यार्थी चार ठिकाणी चौकशी करतो, नियम वाचतो आणि पर्याय शोधून ठेवतो. नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांचा विद्यार्थी मात्र एक-दोन मोठी नावे मनाशी धरून बसतो, आणि ती हुकली की जून महिन्यात, अवघ्या दोन-तीन दिवसांत, ज्या संस्थांबद्दल कधी काही वाचलेले नाही त्यांच्यातून निवड करण्याची वेळ त्याच्यावर येते. हा लेख अशा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी लिहिला आहे. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या वस्त्यांतली जी मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या इंदूरची आहेत आणि ज्यांचे नातेवाईक पुण्या-नागपुरात आहेत, त्यांच्यापुढे येणारे काही खास प्रश्नही त्यात घेतले आहेत.

माझे मुख्य सांगणे एकच आहे: यादी खालून वर बांधावी. जिथे प्रवेश जवळजवळ नक्की मिळेल आणि जिथे आपण आनंदाने चार वर्षे शिकू, अशी संस्था सर्वांत आधी शोधावी, मग तिच्या वरची आणि सर्वांत शेवटी स्वप्नातली. स्वप्नातली संस्था शोधायला कष्ट पडत नाहीत, कारण तिचे नाव सगळ्यांनाच ठाऊक असते. खरा अभ्यास लागतो तो यादीच्या खालच्या अर्ध्या भागाला.

पहिली पायरी: संस्थेच्या आधी विषय

अकरावी संपण्याच्या सुमारास एका कोऱ्या पानावर आपल्याला शिकावेसे वाटणारे दोन किंवा तीन विषय लिहावेत. 'इंजिनिअरिंग' हा विषय नव्हे. संगणकशास्त्र, यंत्र अभियांत्रिकी, विद्युत अभियांत्रिकी, पदार्थविज्ञान, गणित, अर्थशास्त्र, कायदा, वैद्यक हे विषय झाले. प्रत्येक विषयासाठी एखाद्या चांगल्या संस्थेच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा. पहिले वर्ष बहुतेक शाखांना सारखेच असते, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. तिसऱ्या वर्षाच्या विषयांची नावे वाचून त्यांतली निम्मी तरी समजून घ्यावीशी वाटली, तर तो विषय यादीत ठेवावा. एकाही नावाबद्दल कुतूहल वाटले नाही, तर केवळ पगारासाठी तो ठेवायचा का, यावर घरात मोकळेपणाने बोलावे.

या बाबतीत इंदूरच्या विद्यार्थ्याला मोठी सोय आहे. सिमरोलला आयआयटी आहे, राऊजवळ आयआयएम आहे, गावात 1952 साली स्थापन झालेली श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रज्ञान व विज्ञान संस्था म्हणजे आपले एसजीएसआयटीएस आहे, 1891 सालापासून चालत आलेले होळकर विज्ञान महाविद्यालय आहे, महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि देवी अहिल्या विश्वविद्यालयाचे विभाग आहेत. यांपैकी कुठे ना कुठे शेजारचा एखादा दादा किंवा ताई शिकत असतेच. त्यांना 'कॉलेज कसे आहे?' असे विचारू नये, कारण उत्तर 'छान आहे' एवढेच मिळते. मागच्या सत्रात कोणता विषय सर्वांत चांगला शिकवला गेला, प्रयोगशाळेत उपकरण प्रत्यक्ष हाताळायला मिळते की लांबून पाहायला, परीक्षेत नापास होणाऱ्यांचे पुढे काय होते, आणि पुन्हा निवड करायची झाली तर तू हीच शाखा घेशील का, असे नेमके प्रश्न विचारावेत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापेक्षा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे उत्तर अधिक भरवशाचे असते.

दुसरी पायरी: कोणती परीक्षा कोणते दार उघडते

भारतात महाविद्यालयाला अर्ज करणे म्हणजे बहुतेक वेळा परीक्षेचा अर्ज भरणे. परीक्षेची तारीख हुकली की तिच्यामागच्या सगळ्या संस्था त्या वर्षापुरत्या बंद होतात. म्हणून संस्थांची यादी करताना तिच्यासमोर परीक्षांचा रकाना असावा.

गणित गटाच्या विद्यार्थ्याला जेईई मेन ही सर्वांत जास्त दारे उघडणारी परीक्षा आहे. ती जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांत होते आणि दोन्हींपैकी चांगला निकाल धरला जातो. तिच्यावर 31 एनआयटी (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था), ट्रिपल आयटी (भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था) आणि केंद्राच्या निधीवर चालणाऱ्या इतर काही संस्था तर मिळतातच, शिवाय एसजीएसआयटीएस आणि देवी अहिल्या विश्वविद्यालयाचे आयईटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या राज्यातील संस्थाही तंत्रशिक्षण संचालनालयाच्या काउन्सेलिंगमधून, म्हणजे जागावाटपाच्या प्रक्रियेतून, मिळतात. तिच्यातले वरचे सुमारे अडीच लाख विद्यार्थी जेईई अॅडव्हान्स्डला बसू शकतात आणि तिथून 23 आयआयटींचा रस्ता जातो. एनआयटी आणि आयआयटीसाठी बारावीत 75 टक्के गुण किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या 20 टक्के विद्यार्थ्यांत, स्थान असावे लागते. आरक्षणातील काही प्रवर्गांना टक्क्यांत सवलत आहे. बारावीच्या अभ्यासाकडे पूर्ण दुर्लक्ष करून चालत नाही ते यामुळेच. बिट्स या खासगी संस्थेच्या पिलानी, गोवा आणि हैदराबाद या परिसरांसाठी बिटसॅट ही वेगळी परीक्षा द्यावी लागते.

मूलभूत विज्ञानाची ओढ असलेल्या विद्यार्थ्यांवर आपल्याकडे अन्याय होतो, असे मला मनापासून वाटते. गणितात उत्तम गती असलेल्या मुलीला कोणीतरी हे सांगायला हवे, की भोपाळ आणि पुण्यासह सात ठिकाणी आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) या संस्था आहेत, त्यांची आयएटी ही स्वतंत्र परीक्षा आहे आणि अभ्यासक्रमाच्या अखेरीस प्रत्यक्ष संशोधन करायला मिळते. भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञानसंस्थेसाठी आणि मुंबई विद्यापीठातील मूलभूत विज्ञान केंद्रासाठी नेस्ट ही परीक्षा आहे. भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नईची गणितीय संस्था आपापल्या प्रवेशपरीक्षा घेतात आणि त्यांच्या गणिताच्या प्रश्नांत विचार मांडून दाखवावा लागतो. जेईईचा अभ्यास करणाऱ्याला या परीक्षांसाठी वेगळा शिकवणी वर्ग लावावा लागत नाही. जुने प्रश्न सोडवून पाहिले तरी आपली तयारी कुठे आहे ते कळते. ज्याला खरोखर पदार्थविज्ञानच शिकायचे आहे त्याने हे अर्ज भरलेच पाहिजेत.

जीवशास्त्र गटात वैद्यकीय प्रवेशासाठी नीट ही एकच परीक्षा आहे आणि एम्सचे प्रवेशही 2020 पासून तिच्यावरच होतात. अर्ज एकच असला तरी काउन्सेलिंग दोन असतात: शासकीय महाविद्यालयांतील 15 टक्के अखिल भारतीय जागा आणि एम्ससारख्या संस्था यांच्यासाठी केंद्रीय समितीची, आणि उरलेल्या 85 टक्के जागांसाठी राज्याची. दोन्हींत वेगळी नोंदणी करावी लागते. शासकीय महाविद्यालयांत शिक्षणानंतर सेवेच्या बंधपत्राची अट मध्य प्रदेशासह अनेक राज्यांत आहे आणि काही ठिकाणी मध्येच जागा सोडल्यास दंडही असतो; या अटी प्रवेशापूर्वी वाचाव्यात.

वाणिज्य आणि कला शाखांतील हुशार विद्यार्थ्यांना 2022 पासून सीयूईटी ही मोठी परीक्षा आहे. दिल्ली विद्यापीठ आणि इतर केंद्रीय विद्यापीठे तिचे गुण धरतात, आणि देवी अहिल्या विश्वविद्यालयही अनेक अभ्यासक्रमांसाठी ती वापरते. विषय निवडताना ज्या अभ्यासक्रमाला जायचे आहे त्याच्या पात्रतेचा तक्ता आधी पाहावा, कारण चुकीचे विषय निवडले तर उत्तम गुण असूनही अर्ज बाद ठरतो. आपल्या आयआयएमने 2011 मध्ये सुरू केलेला पाच वर्षांचा एकात्मिक व्यवस्थापन अभ्यासक्रम आयपीमॅटमधून मिळतो, आणि त्याला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. कायद्यासाठी क्लॅट आहे, मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी आहे.

हे सगळे अर्ज भरायचे नसतात. मुख्य परीक्षा एक, तिच्या अभ्यासक्रमाशी जुळणाऱ्या पूरक परीक्षा दोन किंवा तीन, एवढे प्रमाण पुरेसे आहे. भंवरकुआँच्या शिकवणी वर्गांच्या परिसरात कोणी सात-आठ अर्ज भरल्याचे ऐकले की घरात घाबरगुंडी उडते. पण प्रत्येक परीक्षेला प्रवास, वेळ आणि मनाची तयारी लागते, हे विसरू नये.

तिसरी पायरी: आपण कोणत्या राज्याचे?

मराठी कुटुंबांनी या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. 'आपण मराठी आहोत, पुण्यात मावशी आहे, म्हणून महाराष्ट्राच्या कोट्यातून प्रयत्न करू' असा समज अनेक घरांत असतो. महाराष्ट्रातील राज्यकोट्याचे निकष मातृभाषेवर नाहीत. विद्यार्थ्याने दहावी-बारावी कोठून केली आणि त्याचा किंवा त्याच्या आई-वडिलांचा अधिवास कोठे आहे, यांवर ते ठरतात, आणि अभियांत्रिकीपेक्षा वैद्यकीय प्रवेशाला ते अधिक कडक आहेत. मराठी मातृभाषेच्या परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात एक तरतूद आहे, पण ती महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागापुरती मर्यादित आहे. इंदूर, ग्वाल्हेर किंवा बडोद्याच्या मराठी विद्यार्थ्याला तिचा लाभ होत नाही. वडिलांची नोकरी बदलीची असेल किंवा आई-वडिलांपैकी कोणाचा महाराष्ट्राचा अधिवास कायम असेल, तर त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतील उमेदवारांचे प्रकार नीट वाचून आपण कुठे बसतो ते पाहावे. एरवी महाराष्ट्रातील संस्था बाहेरच्या राज्याचा उमेदवार म्हणूनच यादीत लिहाव्यात.

एनआयटीचा नियम आणखी वेगळा आहे. प्रत्येक एनआयटीतील निम्म्या जागा त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या असतात, आणि तिथे 'राज्य' म्हणजे जिथून बारावी उत्तीर्ण केली ते राज्य. जन्म, वडिलांचे गाव किंवा रहिवासाचे प्रमाणपत्र इथे धरले जात नाही. इंदूरमध्ये बारावी केलेल्या विद्यार्थ्याला भोपाळच्या मॅनिट या एनआयटीत गृहराज्याचा लाभ मिळतो आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत तो परराज्याचा ठरतो, मग आजोळ नागपूरच्या धंतोलीत का असेना. हाच विद्यार्थी राजस्थानातील कोटा शहरात शिकवणी लावून बारावीचा प्रवेशही तिथल्याच शाळेत घेईल, तर एनआयटीच्या दृष्टीने तो राजस्थानचा होतो: जयपूर त्याला जवळ येते आणि भोपाळ लांब जाते. 'डमी' शाळेत, म्हणजे प्रत्यक्ष वर्गात न बसता फक्त पटावर, नाव घालणाऱ्या पालकांच्या हे बहुधा लक्षातच येत नाही. शाळा बदलण्याचा निर्णय दहावीनंतर होतो आणि त्याचा परिणाम दोन वर्षांनी दिसतो, म्हणून हा विचार त्याच वेळी करायला हवा.

आयआयटी आणि ट्रिपल आयटी यांना राज्यकोटा नसतो. सिमरोलची आयआयटी आपल्या दारात असली तरी तिथे इंदूरकराला वेगळी जागा नाही. ग्वाल्हेर आणि जबलपूरच्या ट्रिपल आयटींचेही तसेच. याउलट राज्याच्या काउन्सेलिंगमध्ये मध्य प्रदेशाचे मूल निवासी प्रमाणपत्र मोलाचे आहे, आणि भोपाळच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासह अनेक विधी विद्यापीठांत आपापल्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी आरक्षण आहे. मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: केंद्राची आणि राज्याची इतर मागासवर्गांची सूची वेगवेगळी असते, आणि केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातले, त्या आर्थिक वर्षात काढलेले नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्र लागते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्रही चालू वर्षाचेच चालते. एप्रिल उजाडताच हे अर्ज लोकसेवा केंद्रात द्यावेत, कारण मे महिन्यात तिथे रांगा लागतात.

चौथी पायरी: यादी खालून वर बांधणे

आता आकडे हातात घ्यायचे. जेईईचे उदाहरण घेतो, कारण तिची माहिती सर्वांत खुली आहे. जानेवारीच्या सत्रानंतर फक्त पर्सेंटाइल (आपल्याएवढे किंवा आपल्यापेक्षा कमी गुण असलेल्यांची टक्केवारी) मिळतो, रँक मिळत नाही. पण अंदाज काढता येतो. शंभरातून आपला पर्सेंटाइल वजा करावा आणि उरलेल्या टक्केवारीने परीक्षार्थींची संख्या गुणावी. अलीकडे दोन्ही सत्रे मिळून 14 ते 15 लाख विद्यार्थी परीक्षा देतात. समजा, तुम्हाला 98.5 मिळाले, तर 15 लाखांचे दीड टक्के म्हणजे सुमारे 22,500 हा तुमचा अंदाजे रँक झाला.

आयआयटी, एनआयटी आणि ट्रिपल आयटींच्या जागा वाटणारी केंद्रीय यंत्रणा म्हणजे जोसा. तिच्या संकेतस्थळावर मागील वर्षांचे ओपनिंग आणि क्लोजिंग रँक, म्हणजे जागा मिळालेल्या पहिल्या आणि शेवटच्या विद्यार्थ्याचे रँक, संस्था, शाखा, कोटा, प्रवर्ग आणि लिंग यांनुसार मिळतात. ते वाचताना पाच गोष्टी सांभाळाव्यात. तीन वर्षांचे आकडे पाहावेत, कारण एका वर्षाचा आकडा फसवा असू शकतो. शेवटच्या फेरीचा आकडा घ्यावा. गृहराज्य, परराज्य आणि अखिल भारतीय या ओळींची गल्लत करू नये. आरक्षित प्रवर्गाच्या ओळीत छापलेला रँक हा त्या प्रवर्गातला रँक असतो, सर्वसाधारण यादीतला नसतो. मुलींसाठी स्वतंत्र जागांची वेगळी ओळ असते आणि तिचा क्लोजिंग रँक अनेकदा बराच पुढे गेलेला असतो. मुलींच्या पालकांनी फक्त पहिली ओळ पाहून एखादी संस्था सोडून देऊ नये.

22,500 च्या अंदाजावर काम करायचे तर ज्या ओळी तीनही वर्षे 34,000 च्या पुढे बंद झाल्या त्या 'जवळजवळ नक्की' म्हणाव्यात, 18,000 ते 30,000 दरम्यानच्या 'शक्य' आणि त्याहून अलीकडच्या 'आशा' या सदरात घालाव्यात. 30,000 ते 34,000 मधल्या ओळींवर स्वतंत्र खूण करून एप्रिलच्या निकालाची वाट पाहावी. या सीमा मी अनुभवाने सुचवत आहे, नियम म्हणून नव्हे.

मग पहिल्या सदराकडे जावे. त्यातली प्रत्येक नोंद घेऊन स्वतःला विचारावे: 'हीच मिळाली, तर मी मनापासून जाईन का?' उत्तर 'नाही' असेल तर ती नोंद काढून टाकावी आणि तिच्या जागी दुसरी शोधावी. या सदरात कमीत कमी तीन अशी नावे होईपर्यंत वर जाऊ नये. इंदूरच्या विद्यार्थ्याला इथे एसजीएसआयटीएसचा गंभीरपणे विचार करावा असे मी आग्रहाने सांगेन. घरापासून जवळ म्हणून तिची किंमत कमी होत नाही: शासनाच्या अनुदानावर चालणारी स्वायत्त संस्था, माफक शुल्क, जुना माजी विद्यार्थीवर्ग आणि मनासारखी शाखा मिळण्याची शक्यता, हे सारे तिच्या बाजूने आहे. हजार किलोमीटरवरच्या, कालपरवा सुरू झालेल्या संस्थेत नावडती शाखा घेण्यापेक्षा हा पर्याय कितीतरी विद्यार्थ्यांना अधिक मानवेल.

'शक्य' या सदरात सहा-सात संस्था असाव्यात आणि प्रत्येकीची पुढच्या पायरीत सांगितल्याप्रमाणे चौकशी झालेली असावी. 'आशा' या सदराला फार वेळ देऊ नये. ते आपोआप भरते.

पाचवी पायरी: संस्थेची पारख

एनआयआरएफ ही केंद्र शासनाची शिक्षणसंस्थांची क्रमवारी 2016 पासून दरवर्षी निघते. क्रमांकापेक्षा तिच्यामागची माहिती उपयोगी आहे. अभियांत्रिकीच्या क्रमवारीत अध्यापन आणि साधने यांना 30, संशोधनाला 30, पदवीच्या निष्पत्तीला 20, समावेशकतेला 10 आणि प्रतिमेला 10 असे शेकडा भार आहेत. म्हणजे जवळपास एक तृतीयांश गुण संशोधनाचे, ज्याचा पदवीच्या विद्यार्थ्याशी थेट संबंध थोडाच येतो. त्यामुळे दहाव्या आणि विसाव्या क्रमांकांतल्या फरकावर रात्र जागवू नये. त्याऐवजी प्रत्येक संस्थेने एनआयआरएफला सादर केलेला तक्ता तिच्या संकेतस्थळावरून उघडावा. त्यात किती विद्यार्थी दाखल झाले, किती वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती उच्च शिक्षणाला गेले आणि पगाराचा मध्यांक किती, हे दिलेले असते. जाहिरातीत झळकणारे सर्वाधिक पॅकेज एका विद्यार्थ्याचे असते आणि सरासरीही अशा दोन-चार मोठ्या आकड्यांनी फुगते. मध्यांक म्हणजे रांगेत मधोमध उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा पगार: निम्म्यांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना त्याहून कमी मिळतो. हा मध्यांक संपूर्ण संस्थेचा असतो; आपल्या शाखेचा आकडा प्लेसमेंट विभागाकडे ईमेलने मागावा.

शाखा की संस्था, हा वाद दरवर्षी होतो. माझे मत असे की पहिल्या पायरीत लिहिलेल्या दोन-तीन विषयांच्या बाहेर जाऊन केवळ नावासाठी संस्था घेऊ नये, पण त्या विषयांच्या आत राहून चांगली संस्था मिळत असेल तर शाखेचा थोडा आग्रह सोडावा. ज्याला विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही चालतात त्याने यांतल्या फरकासाठी चांगली संस्था दवडू नये. 'आधी कोणतीही शाखा घे, वर्षभराने बदलून मिळेल' हा सल्ला आता जुना झाला आहे. अनेक आयआयटींनी पहिल्या वर्षानंतरची शाखाबदल बंद केली आहे. ती अजून चालू आहे का, हे त्या संस्थेच्या नियमावलीत वाचल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये.

सहावी पायरी: पैशांचा हिशेब

हा हिशेब निकालानंतर करायचा नसतो. यादीतील प्रत्येक संस्थेपुढे चार वर्षांचे शुल्क, वसतिगृह, खानावळ आणि वर्षातून दोनदा घरी येण्याचा प्रवास यांची बेरीज लिहावी आणि ती मुलांसमोर मांडावी. सतरा वर्षांच्या मुलांना घराची आर्थिक स्थिती समजते. आयआयटीचे शिकवणी शुल्क सर्वसाधारण विद्यार्थ्याला वर्षाला 2 लाख रुपये आहे, पण कुटुंबाचे उत्पन्न 1 लाखाच्या आत असेल तर ते पूर्ण माफ होते आणि 1 ते 5 लाखांदरम्यान असेल तर दोन तृतीयांश. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ आहे.

मध्य प्रदेशाची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना इंदूरच्या पालकांनी अवश्य पाहावी. राज्य मंडळात 70 टक्के किंवा सीबीएसई-आयसीएसईत 85 टक्के गुण असलेल्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मूल निवासी विद्यार्थ्यांचे शुल्क त्यातून शासन भरते. अभियांत्रिकीला जेईई मेनच्या रँकचीही अट आहे. कर्ज काढायचे असेल तर नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे. ही सवलत संस्था त्या सूचीत असेल तरच मिळते, म्हणून एखाद्या महागड्या खासगी विद्यापीठाचा विचार करताना सूची आधी उघडावी.

परदेशी अर्ज करायचे असतील तर

हा निर्णय अकरावीच्या अखेरीस व्हायला हवा. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांची नियमित मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते आणि त्याच महिन्यात जेईई मेनचे पहिले सत्र असते; निबंध आणि परीक्षा यांची ओढाताण बारावीच्या हिवाळ्यात सोसत नाही. कॉमन अॅप या सामाईक अर्जातून जास्तीत जास्त 20 ठिकाणी अर्ज करता येतो, पण आठ-दहांच्या पुढे निबंधांचा दर्जा घसरतो. अर्ली डिसिजन या प्रकारात निवड झाली तर जाण्याचे बंधन असते, म्हणून आर्थिक साहाय्याशिवाय शक्य नसलेल्या कुटुंबांनी ते विचारपूर्वकच स्वीकारावे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारखी मोजकी विद्यापीठेच परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज न पाहता निवड करतात. इतरत्र साहाय्य मागितल्याने निवडीची शक्यता कमी होऊ शकते. ब्रिटनमध्ये यूकॅस या सामाईक प्रवेशयंत्रणेतून पाचच पर्याय मिळतात, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, आणि या दोघांची मुदत ऑक्टोबरच्या मध्यात असते. परदेशी यादीतही खालून वर हाच क्रम ठेवावा, आणि 'नक्की' या सदरात भारतातली किमान एक संस्था असावी.

सातवी पायरी: पसंतीक्रम भरणे

आतापर्यंत यादी खालून वर बांधली, पण पसंतीक्रम वरून खाली भरायचा असतो, आणि तो निव्वळ आवडीच्या क्रमाने. जोसात पर्यायांच्या संख्येवर मर्यादा नाही. संगणक तुमच्या पहिल्या पसंतीपासून सुरुवात करतो. तिथे तुमच्यापेक्षा वरच्या रँकचे विद्यार्थी जागा भरून टाकत असतील तर दुसरीकडे जातो, मग तिसरीकडे. अवघड संस्था वर लिहिल्याने खालच्या संस्थेतील तुमचा हक्क तिळभरही कमी होत नाही. 'आपल्याला मिळणारच नाही, मग वर कशाला लिहायचे' या विचाराने अनेकांनी मिळू शकणारी जागा गमावली आहे. तसेच, जिथे जायचेच नाही असा एकही पर्याय भरू नये, कारण तोच वाट्याला येऊ शकतो.

जोसा पहिल्या फेरीआधी मॉक (केवळ अंदाजापुरते) वाटप जाहीर करते. ते पाहून, मिळालेल्या जागेच्या वरचे सगळे पर्याय पुन्हा एकदा घरात बसून तपासावेत. जागा मिळाल्यावर फ्रीझ, फ्लोट आणि स्लाइड असे तीन मार्ग असतात: फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की; स्लाइड म्हणजे संस्था हीच, वरची शाखा मिळाली तर घेईन; फ्लोट म्हणजे यादीतील वरचा कोणताही पर्याय मिळाला तर घेईन. शंका असेल तेव्हा फ्लोट निवडावा, कारण हातातली जागा त्यात सुटत नाही, फक्त वरची मिळाल्यास बदलते.

दरम्यान राज्याच्या काउन्सेलिंगची नोंदणी चुकवू नये. दोन्ही वेळापत्रके एकमेकांत गुंतलेली असतात. राज्यातली जागा घेऊन ठेवावी लागली तर शुल्क परतीच्या तारखा त्याच दिवशी लिहून ठेवाव्यात. विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत आणि ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत करावे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देण्याचा विचार असेल तर नियम आधी वाचावेत. जेईई अॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते, आणि आयआयटीची जागा स्वीकारून शेवटपर्यंत ठेवणाऱ्याला पुढच्या वर्षी ती देता येत नाही. एनआयटीत किंवा राज्यातील संस्थेत प्रवेश घेतलेल्याला हे बंधन नाही. 'नक्की' या सदरातली संस्था खरोखर आवडीची असेल तर थांबण्याचा प्रश्न बहुतेक वेळा उरतच नाही.

जूनमध्ये पर्याय लॉक करण्याच्या दिवशी घरात दोन माणसांनी यादी मोठ्याने वाचावी: एकाने संस्थेचे आणि शाखेचे नाव, दुसऱ्याने तिच्यासमोरचा कोड. एकाच संस्थेच्या दोन शाखांचे किंवा एकाच शाखेच्या चार आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमांचे कोड सारखेच दिसतात आणि घाईत अदलाबदल होते. लॉक केल्यावर पावती छापून घ्यावी. पहिल्या फेरीच्या निकालानंतर शुल्क भरण्याची आणि कागदपत्रे चढवण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते, म्हणून त्या आठवड्यात लग्नकार्याचा प्रवास ठेवू नये, पैसे भरायच्या खात्याची दैनंदिन मर्यादा आधीच वाढवून घ्यावी, आणि पडताळणी अधिकाऱ्याने एखाद्या कागदाबद्दल शंका काढली आहे का, हे पोर्टलवर सकाळ-संध्याकाळ उघडून पाहावे. त्या शंकेला वेळेत उत्तर गेले नाही तर मिळालेली जागा रद्द होते.